सनओएसवरचा भरती-ओहोटीचा सी प्रोग्राम इतर युनिक्स वर्कस्टेशनांवर नेताना: कंपायलरच्या पूर्वनिर्धारित मॅक्रोंवर किती विसंबावे?

प्रश्न: खाडीकाठ (रत्नागिरी)

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका तंत्रनिकेतनात संगणक विभागात शिकवते. आमच्या विभागाकडे कोकणातील बंदरांसाठी भरती-ओहोटीच्या वेळा आणि पाण्याची उंची काढणारा एक सी प्रोग्राम आहे. तो नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सनओएस 4 वर (सन कंपनीच्या जुन्या युनिक्स प्रणालीवर) लिहिला गेला. चंद्राचा मुख्य घटक एम2 (आवर्तन 12.42 तास), सूर्याचा एस2 (12 तास), शिवाय के1, ओ1 वगैरे घटकांच्या कोसाइन लहरींची बेरीज करून तो उंची काढतो. एम2 आणि एस2 यांच्या मेळातून उधाण आणि भांग यांचे सुमारे 14.77 दिवसांचे चक्र कसे निघते, हे विद्यार्थ्यांना आलेखावर फार सुंदर दाखवता येते. म्हणून हा प्रोग्राम जिवंत ठेवावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

विभागात सोलॅरिस 2 चे (सनच्याच पुढच्या प्रणालीचे) एक स्पार्क वर्कस्टेशन, तसेच एचपी-यूएक्स, आयरिक्स आणि एआयएक्स (अनुक्रमे एचपी, एसजीआय आणि आयबीएम यांची युनिक्स) चालणारे प्रत्येकी एक यंत्र जपून ठेवलेले आहे. खाऱ्या हवेला तोंड देऊनही ती सुरू होतात. या चारही यंत्रांवर आणि लिनक्सवर हा एकच प्रोग्राम बांधून दाखवावा, आणि त्या निमित्ताने पोर्टिंग (एका प्रणालीवरचा प्रोग्राम दुसरीवर चालता करणे) म्हणजे काय हे मुलांनी हाताने शिकावे, असा विचार आहे. (मॅक्रोंची, म्हणजे कंपाइल होण्याआधी ज्यांच्या जागी ठरलेली किंमत घातली जाते त्या शब्दांची, नावे खाली उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्षात ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची आहेत.)

अडचणी अशा आहेत. मूळ प्रोग्रामात जागोजागी "#इफडेफ सन" (सन हा मॅक्रो जाहीर असेल तरच पुढचा भाग घ्या) आहे. पुढे लिनक्सवर काम करणाऱ्या एका तुकडीने सूर्य-चंद्राच्या स्थितीचा भाग जोडला आणि त्यात "डबल सन, मून;" अशी व्हेरिएबल घेतली. लिनक्सवर ते बिनतक्रार चालते, पण सोलॅरिसवर कंपायलर त्याच ओळीवर "सिंटॅक्स एरर बिफोर ऑर ॲट: 1" असे म्हणून थांबतो, आणि त्या ओळीत 1 हा आकडा कुठेच नाही. ते व्हेरिएबल तात्पुरते बाजूला काढले, तर "#इफडेफ सन"च्या भागातील टीएम_जीएमटीऑफ (जीएमटीपासूनचे वेळेचे अंतर) हा स्ट्रक्चरचा घटक सापडत नाही. एचपीच्या यंत्रावर कंपायलरला अँसी सीसाठी (सी भाषेच्या प्रमाणित रूपासाठी) -एए हा पर्याय दिला, की "#इफडेफ एचपीयूएक्स"मधला भाग गळून पडतो. लिनक्सवर सर्व ठीक होते, परंतु शिस्त म्हणून जीसीसीला (तिथल्या सी कंपायलरला) -अँसी पर्याय दिल्यापासून घटकांची बायनरी फाइल वाचून येणारी पाण्याची उंची अर्थहीन येते.

कोणत्या यंत्रावर कोणते मॅक्रो आपोआप मिळतात याची एखादी भरवशाची यादी करून तिच्याआधारे हे सगळे दुरुस्त करता येईल का? की मुळात वेगळ्या रीतीने विचार करायला हवा?

उत्तर: जुने_युनिक्स

मॅडम, आधी त्या न दिसणाऱ्या 1 बद्दल. जुन्या युनिक्स कंपायलरांची रीत अशी होती, की यंत्राचे, प्रोसेसरचे आणि प्रणालीचे नाव साध्या लहान अक्षरांत मॅक्रो म्हणून आधीच ठरवून ठेवायचे आणि त्याची किंमत 1 द्यायची. सनवर सन, युनिक्स आणि स्पार्क, एचपीवर एचपीयूएक्स, आयरिक्सवर एसजीआय आणि मिप्स, लिनक्सवर लिनक्स आणि युनिक्स. त्यामुळे प्रीप्रोसेसरमधून (कंपाइल होण्याआधी मॅक्रोंच्या जागी किमती घालणाऱ्या टप्प्यातून) बाहेर पडताना तुमची ओळ "डबल 1, मून;" अशी होते आणि कंपायलरची तक्रार अगदी रास्त ठरते. स्रोतात काय लिहिले आहे एवढेच पाहून हे कधीच उमगणार नाही. अशा वेळी -ई पर्याय देऊन प्रीप्रोसेसरमधून निघालेला मजकूर उघडून पाहावा.

1989 च्या अँसी प्रमाणाने (आयएसओने तेच 1990 मध्ये स्वीकारले) ही रीत बंद केली. दोन अंडरस्कोरने सुरू होणारी, किंवा एक अंडरस्कोर आणि लगेच कॅपिटल अक्षर अशी सुरू होणारी नावे कंपायलर आणि प्रणालीसाठी राखीव; उरलेल्या नावांवर हक्क प्रोग्राम लिहिणाऱ्याचा. म्हणून प्रत्येक कंपायलरने त्याच नावांच्या अंडरस्कोरवाल्या जोड्या आणल्या: __सन, __स्पार्क, __एचपीयूएक्स, __एसजीआय, __लिनक्स__. एआयएक्सचे _एआयएक्स हे नाव (कॅपिटल अक्षरांत) आधीपासूनच एका अंडरस्कोरचे असल्याने तिथे हा प्रश्नच आला नाही. जुनी उघडी नावे मात्र कंपायलरांनी टाकून दिली नाहीत. काटेकोर अँसी पद्धत मागितली की ती लपवायची आणि एरवी चालू ठेवायची, असा मार्ग त्यांनी काढला. सनच्या कंपायलरला -एक्ससी, एचपीच्या कंपायलरला -एए किंवा जीसीसीला -अँसी दिले की उघडी नावे जातात आणि अंडरस्कोरवाली राहतात. तुमचा एचपीवरचा भाग गळण्याचे कारण एवढेच आहे. तिथे "#इफडेफ __एचपीयूएक्स" लिहा. ते दोन्ही पद्धतींत मिळते.

सोलॅरिसवर -एक्ससी देऊन व्हेरिएबलचा प्रश्न सुटेल, पण मी तसे करण्याच्या विरुद्ध आहे. -एक्ससी दिले की __एसटीडीसी__ ची (अँसी सी असल्याचे सांगणाऱ्या मॅक्रोची) किंमत 1 होते, आणि सोलॅरिसच्या हेडर फाइली (फंक्शने वगैरेंच्या घोषणा असलेल्या फाइली) ती किंमत पाहून प्रमाणाबाहेरच्या सगळ्या घोषणा झाकून टाकतात. मग त्या परत मिळवण्यासाठी __एक्स्टेन्शन्स__ स्वतः जाहीर करावा लागतो. नेहमीच्या -एक्सए पद्धतीत __एसटीडीसी__ जाहीर असतो, पण त्याची किंमत 0 असते. म्हणजे "#इफडेफ __एसटीडीसी__" आणि "#इफ __एसटीडीसी__" यांची उत्तरे तिथे वेगवेगळी येतात. जुन्या प्रोग्रामात फंक्शनांच्या प्रोटोटाइपसाठी दुसरा प्रकार वापरलेला असेल, तर प्रोटोटाइप गुपचूप गायब होतात आणि कंपायलर चकार शब्द काढत नाही. हे तुमच्या प्रोग्रामात नक्की शोधून पाहा. व्हेरिएबलचे नाव बदलणे हाच सरळ उपाय आहे. "सन_लाँग" वगैरे काहीही चालेल.

या साध्या नावांचा जाच केवळ सीपुरता नाही. सीच्या प्रीप्रोसेसरमधून इतर मजकूर नेण्याची युनिक्सवर जुनी सवय आहे. एक्स विंडोच्या रिसोर्स फाइली त्यातून जातात आणि त्यांतल्या एखाद्या पथात युनिक्स हा शब्द सुटा आला, की त्या जागी 1 उमटतो. लिनक्स कर्नलमध्ये डिव्हाइस ट्रीच्या फाइली प्रीप्रोसेसरमधून नेताना आजही -अनडेफ हा पर्याय द्यावा लागतो, कारण तिथल्या गुणधर्मांची बरीच नावे "लिनक्स," अशी सुरू होतात.

यादीबद्दल: ती पाठ करू नका, कंपायलरलाच विचारा. जीसीसी आणि क्लँग या कंपायलरांना -डीएम (डी लहान, एम कॅपिटल) आणि -ई देऊन रिकामी फाइल दिली, की सर्व पूर्वनिर्धारित मॅक्रो छापून येतात. एआयएक्सच्या एक्सएलसी कंपायलरमध्ये तर बरेचसे मॅक्रो कंपायलरच्या पोटात नसून त्याच्या कॉन्फिगरेशन फाइलीत -डी_एआयएक्स, -डी_एआयएक्स32, -डी_एआयएक्स41 अशा पर्यायांच्या रूपाने लिहिलेले असतात. ती साधी मजकुराची फाइल आहे. मुलांना जरूर उघडून दाखवा. जिथे असा कोणताच पर्याय नसेल तिथे माहीत असलेल्या प्रत्येक नावासाठी "#इफडेफ" आणि एक प्रिंटएफ असा लहानसा प्रोग्राम लिहून चालवावा. पर्लची कॉन्फिगर स्क्रिप्टही नावांची मोठी यादी घेऊन हेच करते.

उत्तर: हर्णै_दर्या

वरील उत्तर नावांपुरते पूर्ण आहे. पण मॅडमच्या शेवटच्या प्रश्नाचे, म्हणजे वेगळा विचार हवा का याचे, उत्तर माझ्या मते होय असे आहे, आणि टीएम_जीएमटीऑफची अडचण त्याचे उत्तम उदाहरण आहे.

सनओएस 4 हा बीएसडीच्या (बर्कले विद्यापीठाच्या युनिक्सच्या) घराण्यातला होता. 1992 मध्ये आलेला सोलॅरिस 2 सिस्टिम फाइव्ह रिलीज 4 च्या (एटी अँड टीच्या युनिक्सच्या) घराण्यातला आहे. कंपनी तीच, प्रोसेसर तोच, सन हा मॅक्रोही तोच. पण त्याखालची प्रणाली पूर्ण बदलली. टीएम_जीएमटीऑफ ही बीएसडीकडची गोष्ट आहे. सोलॅरिस 2 मध्ये तिच्याऐवजी टाइमझोन हे जागतिक व्हेरिएबल आहे, आणि त्याचे चिन्हही उलटे आहे. भारतीय वेळेसाठी एकाकडे 19800 सेकंद येतील, तर दुसरीकडे उणे 19800. घाईत फक्त नाव बदलले असते, तर प्रोग्राम बिनबोभाट कंपाइल झाला असता आणि मिऱ्या बंदरावरची भरती अकरा तासांनी चुकली असती. तसेच एसप्रिंटएफ पाहा: सनओएस 4 वर ते अक्षरांचा पॉइंटर परत करते, सोलॅरिसवर लिहिलेल्या अक्षरांची संख्या. "#इफडेफ सन" लिहिणाऱ्याच्या मनात "इथे बीएसडी आहे" असे होते, पण त्याने विचारले मात्र "यंत्र कोणाचे?" होडी हर्णैची आहे एवढ्यावरून तिच्यात कोणते जाळे आहे हे सांगता येत नाही, तसेच हे आहे.

पूर्वनिर्धारित मॅक्रो चार निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देतात आणि जुन्या प्रोग्रामांत त्यांची हमखास सरमिसळ झालेली असते. __सन, __एचपीयूएक्स, _एआयएक्स हे प्रणाली सांगतात. __स्पार्क, __मिप्स, __अल्फा हे प्रोसेसर सांगतात. __सनप्रो_सी, __डेक्सी, __जीएनयूसी__ हे कंपायलर सांगतात. आणि __एसटीडीसी_व्हर्जन__ भाषेची आवृत्ती सांगतो: 1994 च्या पुरवणीनंतर 199409, सी99 साठी 199901. सोलॅरिस इंटेलवरही चालत असल्याने __सन मिळाला म्हणजे स्पार्क मिळाला असे होत नाही. क्लँगसुद्धा __जीएनयूसी__ जाहीर करतो, म्हणून तो मॅक्रो आहे एवढ्यावरून जीसीसी आहे असेही म्हणता येत नाही. सनओएस 4 आणि सोलॅरिस 2 वेगळे ओळखायचेच असतील, तर __सनच्या जोडीला __एसव्हीआर4 तपासावा; सनचा कंपायलर आणि जीसीसी दोघेही तो सोलॅरिसवर देतात.

मी स्वतः मात्र इथे प्रणाली ओळखतच नाही. एकाच क्षणासाठी जीएमटाइम आणि लोकलटाइम या दोन्ही प्रमाण फंक्शनांची उत्तरे घेऊन त्यांतला फरक काढला, की वेळेचे अंतर मिळते, आणि ही दोन फंक्शने तुमच्या पाचही यंत्रांवर आहेत. त्यामुळे तो "#इफडेफ" पूर्णच काढून टाकता येईल. जो "#इफडेफ" उरलाच नाही, त्याची देखभालही करावी लागत नाही.

आणखी एक गल्लत मुलांकडून नेहमी होते, म्हणून लिहितो. _पॉसिक्स_सी_सोर्स, _एचपीयूएक्स_सोर्स, _ऑल_सोर्स हे दिसायला तसेच असले, तरी कंपायलर ते आपल्याला देत नाही. हेडर फाइलींनी काय दाखवावे हे सांगण्यासाठी आपण ते पहिल्या "#इन्क्लूड"च्या आधी जाहीर करायचे असतात. एचपीवर -एए दिल्यानंतर _एचपीयूएक्स_सोर्सही द्यावा लागतो, नाहीतर प्रमाणाबाहेरची फंक्शने दिसत नाहीत. -एई हा पर्याय दोन्ही कामे एकदम करतो. एचपी-यूएक्ससोबत फुकट येणारा कंपायलर अँसी सी समजत नाही, त्यासाठी वेगळा विकत घ्यावा लागे. तुमच्या यंत्रावर -एए चालले, म्हणजे तो आहे असे दिसते.

ज्यांची तपासणी करायचीच आहे त्यांच्यासाठी ऑटोकॉन्फ वापरा असे मी सुचवीन. 1991 पासून ते याच कामासाठी आहे: नाव न विचारता लहानसा प्रोग्राम कंपाइल करून पाहायचा आणि अमुक फंक्शन किंवा अमुक घटक खरोखर आहे का ते ठरवायचे.

उत्तर: वेंगुर्ला_बंदर

ऑटोकॉन्फबद्दल मी सहमत नाही. यंत्रे पाच आहेत आणि ती बदलणार नाहीत. इथे एकच "पोर्ट.एच" फाइल ठेवावी. यंत्रांची नावे फक्त त्या फाइलीत तपासावीत आणि तिथून "हॅव्ह_टीएम_जीएमटीऑफ" अशासारखे, गोष्टीचे नाव घेणारे आपले मॅक्रो जाहीर करावेत. बाकी प्रोग्रामात कंपनीचे नाव येताच कामा नये. शेवटच्या "#एल्स"मध्ये अंदाजाने काहीतरी धरून चालण्याऐवजी "#एरर" लिहावे, म्हणजे सहावे यंत्र आले तर कंपायलर थांबून सांगेल. विद्यार्थ्यांना हे दोन पानांत वाचता येते. ऑटोकॉन्फने निर्माण केलेली स्क्रिप्ट वाचून कोणी पोर्टिंग शिकत नाही.

आता लिनक्सवरच्या अर्थहीन उंचीकडे वळतो, कारण माझ्या दृष्टीने या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा दोष तोच आहे. माझा तर्क असा, की तुमच्या प्रोग्रामात "#इफ बाइट_ऑर्डर == बिग_एंडियन" अशी ओळ असणार. प्रीप्रोसेसरचा नियम असा आहे, की "#इफ"मध्ये जाहीर न केलेले कोणतेही नाव आले तर त्याची किंमत 0 धरायची. दोन्ही नावे जाहीर नसतील तर अट 0 == 0 अशी होते आणि ती खरी ठरते. कसलाही इशारा मिळत नाही.

स्पार्क, पीए-रिस्क, पॉवर आणि आयरिक्सची मिप्स यंत्रे बिग-एंडियनच (संख्येचा सर्वांत मोठ्या वजनाचा बाइट आधी ठेवणारी) आहेत, म्हणून वर्कस्टेशनांवर ही ओळ निव्वळ योगायोगाने बरोबर उत्तर देत आली. लिनक्सवर इतके दिवस ती का चालली, तर नेहमीच्या पद्धतीत ग्लिबसीची (लिनक्सच्या सी लायब्ररीची) स्टडलिब.एच ही हेडर सिस/टाइप्स.एचला ओढते, ती एंडियन.एचला ओढते, आणि तिथे ही दोन्ही नावे जाहीर होतात. -अँसी दिल्यावर प्रमाणाबाहेरची म्हणून ती साखळी तुटली, दोन्ही नावे 0 झाली, इंटेलचे लिटल-एंडियन यंत्र बिग-एंडियन ठरले, आणि सनवर लिहिलेल्या फाइलीतल्या डबल संख्यांचे आठ बाइट उलटवायचे राहून गेले. जीसीसीला -डब्ल्यूअनडेफ देऊन पाहा. या ओळीवर लगेच इशारा येईल. जीसीसी 4.6 पासून __बाइट_ऑर्डर__ आणि __ऑर्डर_बिग_एंडियन__ हे खरेखुरे पूर्वनिर्धारित मॅक्रो मिळतात, पण ते जुन्या कंपायलरांवर नाहीत. सोलॅरिसची हेडर _बिग_एंडियन जाहीर करते तीही कोणतीच किंमत न देता, त्यामुळे त्याची "=="ने तुलना करता येत नाही, फक्त "#इफडेफ" करता येते. इतक्या तऱ्हा सांभाळत बसण्यापेक्षा घटकांची फाइल एकदा स्पार्कवर वाचून मजकुराच्या रूपात छापून ठेवा. प्रिंटएफला "%.17जी" (जी लहान) दिले, तर डबल संख्या मजकुरातून परत वाचल्यावर तंतोतंत तीच मिळते. पाचही यंत्रे ती फाइल एकसारखी वाचतील आणि बाइटांच्या क्रमाचा प्रश्न प्रोग्रामातून कायमचा जाईल.

खाडीकाठ (रत्नागिरी)

सर्वांचे मनापासून आभार. वेंगुर्ल्याच्या सरांचा तर्क अचूक निघाला. ती ओळ अक्षरशः तशीच होती आणि -डब्ल्यूअनडेफने ती दाखवली. घटकांची फाइल मजकुरात आणली असून लिनक्स आणि सोलॅरिसची उंची आता शेवटच्या अंकापर्यंत जुळते. नावे तपासणारी एकच हेडर ठेवण्याचे ठरवले आहे, आणि वेळेच्या अंतराचा "#इफडेफ" काढून टाकला आहे.

एक नवी शंका आहे. आयरिक्स आणि एआयएक्स या दोन्ही यंत्रांवर बंदरांच्या नावांची यादी वाचून संपली तरी प्रोग्राम पुढे सरकत नाही, तिथेच फिरत राहतो. सोलॅरिस आणि एचपीवर तसे होत नाही. हा फरक ओळखणारा एखादा मॅक्रो आहे का?

उत्तर: जुने_युनिक्स

मॅडम, ज्या व्हेरिएबलमध्ये गेटसीचे किंवा गेटचारचे (फाइलीतून एकेक अक्षर वाचणाऱ्या फंक्शनांचे) उत्तर साठवले आहे ते "चार" (char, म्हणजे अक्षर) प्रकाराचे असणार. साधा "चार" चिन्हासहित की चिन्हरहित हे सीच्या प्रमाणाने कंपायलरवर सोपवले आहे. सोलॅरिस आणि एचपीचे कंपायलर तो चिन्हासहित धरतात. आयरिक्सचा आणि एआयएक्सचा कंपायलर, तुम्ही काही सांगितले नाही तर, चिन्हरहित धरतात. ईओएफची (फाइल संपल्याच्या खुणेची) किंमत या प्रणालींवर उणे 1 असते. चिन्हरहित "चार"मध्ये ती 255 होऊन बसते, आणि 255 कधीच उणे 1 होत नाही, म्हणून लूप थांबत नाही.

फरक तपासायचाच असेल तर लिमिट्स.एचमधला चार_मिन शून्यापेक्षा लहान आहे का ते "#इफ"मध्ये पाहता येते, आणि ते कोणत्याही कंपायलरच्या खास मॅक्रोपेक्षा भरवशाचे आहे. तुमच्या कामाला मात्र त्याचीही गरज नाही: ते व्हेरिएबल "इंट" करा. गेटसी "इंट"च परत करते, त्यामुळे पाचही यंत्रांवर तेच योग्य आहे. चिन्हासहित "चार" असलेल्या यंत्रांवरही जुना लूप निर्दोष नव्हता, कारण फाइलीत 255 किमतीचा बाइट आला असता तर वाचन मध्येच थांबले असते. विद्यार्थ्यांकडे रास्पबेरी पाय असेल तर जुना लूप त्यावर चालवून दाखवा. एआरएम लिनक्सवर जीसीसी साधा "चार" चिन्हरहितच धरतो, त्यामुळे आयरिक्सवर दिसलेले वर्तन तिथेही जसेच्या तसे दिसेल.